तात्यांचं काडतुसाचं यंत्र

लिंबाजीतात्या गेली बारा वर्षं एक यंत्र घेणार आहेत. घरच्या घरी काडतुसं भरायचं यंत्र. आमच्या दिंद्रुडात लोक मुलीचं स्थळ ठरवतानाही एवढा विचार करत नाहीत.

माझं ऑनलाइन सेंटर आहे. बाकीचे सातबारा काढायला येतात, तात्या यंत्रांचे फोटो बघायला. चष्मा कपाळावर चढवतात आणि स्क्रीनला नाक लावतात. "बाळू, हे एका टायमाला एकच काडतूस दाबतंय, ते पाच दाबतंय. पाचवालं दिसाया ब्येस, पर नवशिक्यानं एकेकच भरावं." हा नवशिका सत्तरीचा आहे, आणि वडिलांकडून आलेली परवान्याची बंदूक त्याच्याकडे चाळीस वर्षं आहे.

एकदा मी म्हणालो, "तात्या, घरी काडतुसं भरायला सरकारची परवानगी लागती. ती मिळंल का?"

"आदी यंत्र तर ठरू दे! तुला लईच घाई."

मग काट्याचा घोळ. काडतुसात बंदुकीची दारू कणभर जास्त झाली तर घात, म्हणून काटा नाजूक हवा. तात्या सोनाराच्या दुकानात अख्खी दुपार ज्वारीचा एकेक दाणा तोलत बसले. शेवटी सोनारानं चहा पाजून त्यांना वाटेला लावलं. टेबल हलता कामा नये म्हणून पडवीत सागवानी टेबलाचे पाय सिमेंटमध्ये पक्के केले. यंत्र काही आलं नाही. तात्यांच्या बायकोनं, काकूंनी, त्या टेबलाला शेवयांचं यंत्र आवळलं. उन्हाळ्यात सगळी गल्ली तिथं शेवया करते आणि तात्या वाकून दांड्याची पकड तपासतात.

निवडणूक लागली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. आसपासच्या गावांतले परवानेवाले कुरकुरतात. तात्या पहिल्याच दिवशी बंदूक देऊन येतात, शिवाय येताना काकूंना जिलबी आणतात. मला नवल वाटायचं, पण विचारलं कधी नाही.

यंदा रानडुकरांनी भुईमुगाची पार वाट लावली. गावात बंदूक एकच. तात्यांच्या पुतण्यानं, विष्णूनं, खेटे घालून वनखात्याची परवानगी आणली. तात्यांना मोटारसायकलवर बसवून बीडला नेलं आणि त्यांच्या परवान्यावर तयार काडतुसंच घ्यायला लावली.

"आता भरायची कटकट न्हाई," विष्णू पारावर सगळ्यांसमोर म्हणाला. "उद्या दिस मावळायला बसायचं."

"तयार मालाचा भरवसा न्हाई बाबा," तात्या पुटपुटले.

"मग बंदूक काय नुस्ती पुसायला ठिवलीय का?" कुणीतरी ओरडलं. लोक चिडले होते आणि त्यांचं चुकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तात्यांकडे गेलो. ते पडवीत त्या टेबलापाशी बसले होते. काडतुसांचा डबा न फोडता समोर ठेवलेला.

"बाळू, आयुष्यात एकच डुक्कर मारलं म्या," ते म्हणाले. "मादी व्हती. ती पडल्यावर पिल्लं आली आन् तिलाच लुचाय लागली. त्या दिसापून बंदुकीत काडतूस घातलं न्हाई."

"आन् यंत्र?"

"कुणी डुक्कर मारा म्हनलं की यंत्र येऊ दे म्हणायचो. ते ठरलं की बंदूक चालवावी लागंल. म्हणून ठरूच दिलं न्हाई."

"मग लोकांना सांगून टाका की."

"कसं सांगू? शेंगा त्यांच्या गेल्यात. मला लाज वाटती रे."

बारा वर्षं मी या माणसाची टिंगल केली होती. मला फार वाईट वाटलं.

तरी त्यांनी सांगितलं. दुपारी पारावर जाऊन डबा विष्णूसमोर ठेवला. "माज्याच्यानं व्हत न्हाई. पर राखण मी करतो. सगळ्यांच्या रानाची." कुणी हसलं, कुणी उठून गेलं. विष्णू महिनाभर बोलला नाही.

तेव्हापासून तात्या रोज दिवस मावळताना तेलाचा रिकामा डबा बडवत बांधाबांधानं फिरतात. डुकरं बुजतात, पुष्कळ शेंगा वाचतात. परवा मी सेंटर लवकर बंद करून त्यांच्यामागं गेलो. ते धापा टाकत बांधावर टेकले होते. मी डबा हातात घेतला आणि जीव खाऊन बडवायला लागलो.

तात्यांनी माझा हात धरला.

"जरा हळू बडव, बाळू," ते म्हणाले. "पिल्लं असत्याल संगं."