टाकीत मी काय ओतलं

ते एक टोपण होतं की दोन, हे आता मला खात्रीने सांगता येत नाही. ही म्हणते, अख्खी बाटली होती. एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाने मापात असा घोळ घालू नये. पण त्या सकाळचं मला जे जे आठवतं, ते सगळं माझ्याच बाजूने झुकलेलं असावं अशी मला शंका आहे.

सुरुवात एका होकारापासून झाली. निकिता आणि गोरक्ष, नगरला एमबीए करणारे दोन विद्यार्थी, सामाजिक उद्योजकतेने पुरते झपाटलेले होते. खरकट्यापासून गॅस करणारी एक स्वस्त टाकी त्यांनी बनवली होती आणि विद्यापीठाच्या स्पर्धेसाठी ती कुणाच्या तरी घरी चालवून दाखवायची होती. निवृत्त प्राध्यापक, मागे मोकळं अंगण, म्हणून दोघं राहात्याला माझ्याकडे आले. निकिता 'मॉडेल', 'इम्पॅक्ट' वगैरे बरंच बोलली. गोरक्ष एवढंच म्हणाला, "जिंकलो तर धा टाक्या मिळत्याल, सर. या हंगामाला कोपरगावला तोडकऱ्यांच्या कोप्यांवर, पाचटाच्या झोपड्यांवर, बशिवतो. आई तिथं ऊस तोडती. चुलीच्या धुरानं डोळं कायम लाल असत्यात तिचं."

मी हो म्हणालो. (ही दारातून 'विचार करून सांगा' अशी खूण करत होती. मला वाटलं, चहाचं विचारते आहे.)

टाकीत आधी शेणाचा काला गेला, मग रोजचं खरकटं आणि बागेतले सडके पेरू. काही दिवसांनी निळी ज्योत आली. मी शेजाऱ्यांना बोलावून ती दाखवली आणि गॅस तयार करणाऱ्या जिवाणूंवर पाऊण तास बोललो. (शेजारी चहासाठी थांबले होते.)

परीक्षक यायच्या पाच दिवस आधी मला टाकीचा वास खटकू लागला. तो यायचाच, पण पुण्याहून मोठी माणसं येणार, ती काय म्हणतील? आमच्याकडे पाहुणे येणार म्हटलं की फिनेल निघतं. मी ते आधी फरशीवर टाकलं, मग टाकीला बाहेरून लावलं आणि मग, टाकीच्या तोंडाशी उभा होतोच म्हणून, आतही ओतलं. माझा पीएच.डी.चा प्रबंध जंतुनाशकांवर आहे. तीनशे बारा पानांचा.

परीक्षकांसमोर शेगडीने एकदा फुस्स केलं आणि ती गप्प बसली. निकिताने नळी तपासली. गोरक्ष काडीमागून काडी ओढत राहिला; पेटी संपली तेव्हा आत जाऊन दुसरी मागून आणली. शेवटी एक परीक्षक माझ्याकडे वळले. "तुम्ही तर रसायनशास्त्राचे. काय वाटतं तुम्हाला?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण त्यातून बाहेर पडलं ते असं: "रचनेतच काही उणीव असावी. अधिक अभ्यास व्हायला हवा."

गोरक्षने माझ्याकडे पाहिलं आणि काडेपेटी खिशात ठेवली. स्पर्धा गेली. दहा टाक्या गेल्या.

पुढे मी त्या दोघांना अकरा पत्रं लिहिली. (एकही टाकलं नाही.) प्रस्तावनाच इतकी लांबायची, की कबुलीपर्यंत पोहोचण्याआधी कागद संपायचा.

चार वर्षांनी त्यांनी कुठून कुठून मदत जमवून टाक्या केल्याच. कोपरगावला कोप्यांवर पहिली टाकी सुरू व्हायची होती, तेव्हा आम्हा दोघांनाही बोलावलं. गोरक्षच्या आईने, लंकाबाईंनी, शेगडी पेटवली. धुराचं नाव नव्हतं, तरी सवयीने त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मधले चार हंगाम मी त्या पदरात पाहिले. मला राहवेना. गोरक्षला बाजूला घेऊन सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक हाय, सर," तो म्हणाला. "काडेपेटी मागाया आत गेल्तो ना, तवाच काकूंनी सांगितलं. बाटली रिकामी दिसल्यावर त्यांनाबी कळलं हुतं."

"मग परीक्षकांना का नाही बोललात?"

"काकू म्हनल्या, सर स्वतःच सांगत्याल, त्यांना सांगू द्या. आमी वाट बघत उभं हुतो. मग तुमी बोललात. सरांच्या म्होरं कसं बोलायचं?"

परतताना एसटीत मी हिला विचारलं, हे खरं का.

"खरं," ही खिडकीबाहेरच्या उसाकडे बघत म्हणाली. "मला वाटलं होतं, तुम्हाला पाचेक मिनिटं लागतील."