डॉक्टरांचं लूजस्ट्राइफ

"रोप ओळखायला माणूस डॉक्टर असावा लागतो, शैला!" असं डॉ. शशिधर यांनी मार्चमध्ये बायकोला ठणकावून सांगितलं आणि तिथूनच त्यांची साडेसाती सुरू झाली.

जन्मभर इंग्लंडातल्या वॉटफर्डमध्ये पेशंटांना भूल देऊन डॉक्टर नुकतेच रिटायर झाले होते. दर रविवारी ते हौसेनं नदीमंडळात जात. गावातून पुढे थेम्सला मिळणाऱ्या नदीचा काठ साफ करणाऱ्या इंग्रज आजी-आजोबांचं हे मंडळ. पण तिथे त्यांच्या हाती कुणी फावडं देईल तर शपथ! सगळे आपापल्या ब्लडप्रेशरवर सल्ला तेवढा विचारत. माणसाला किती एकटं वाटावं!

अशात एक दिवस मंडळाच्या अध्यक्षा मार्गारेटबाईंनी त्यांना बियांची पुडी दिली. पर्पल लूजस्ट्राइफ! ओल्या जागेतलं जांभळं रानफूल. हिवाळ्यात वाळतं, वसंतात त्याच मुळातून पुन्हा उठतं. हिमालयन बाल्सम उपटून मोकळ्या केलेल्या काठावर ते लावायचं होतं. हा बाल्सम म्हणजे मंडळाचा हाडवैरी. शेंगा पिकल्या की फटाफट फुटतात, बी उधळतं आणि वर्षभरात सगळा काठ गिळून बसतं.

"रोपं जगवलीस, शशी, तर तू कमिटीवर!" बाई म्हणाल्या.

डॉक्टर हरखले. रोपांना माहेरची माती हवी, म्हणून त्यांनी नदीकाठचा बादलीभर चिखल आणला आणि त्यात बी पेरलं. दोन प्रकारचे कोंब आले. काही दणकट, काही अगदीच किडमिडे. डॉक्टरांनी किडमिडे उपटून फेकले आणि दणकट वाफ्यात लावले.

जूनमध्ये रोपं कमरेला लागली. शैलाताई गुहागरच्या. त्यांनी एक पान चुरडून पाहिलं.

"अहो, हा तेरडा आहे."

"काहीतरीच! हे बघ पुस्तक. पानं भाल्यासारखी? आहेत. तीन-तीन एकत्र? आहेत. पाणी आवडतं? बादल्याच्या बादल्या ढोसतंय!"

"इथे खोड चौकोनी लिहिलंय. हे तर गोल आहे."

"वयात आलं की होईल चौकोनी!"

ऑगस्टमध्ये रोपं डॉक्टरांच्या डोक्यावर गेली आणि एका सकाळी फुलली. गुलाबी, पिशवीसारखी फुलं! डॉक्टरांनी पुस्तक पुन्हा उघडलं आणि धाडकन मिटलं. चिखलातूनच आलं असणार हे. महिनोन्महिने स्वतःच्या हातांनी खतपाणी घालून त्यांनी वाढवला होता हिमालयन बाल्सम, तेरड्याचाच थोरला भाऊ! आणि खरं लूजस्ट्राइफ? ते त्या किडमिड्यांबरोबर कचऱ्यात गेलं होतं.

शैलाताईंनी मात्र टाळ्या पिटल्या. "अगं बाई, गौरी आल्या! इतकी वर्षं विकतच्या मुखवट्यावर भागवलं. यंदा आमच्याकडच्यासारखी तेरड्याची गौर!"

"एकच नको, सगळा ने!" डॉक्टर काकुळतीला आले. "मैत्रिणींना वाट! मुळासकट!"

गौरी आवाहनाच्या दिवशी मराठी मंडळातल्या बायका मोटारी घेऊन आल्या आणि वाफा साफ करून गेल्या. डॉक्टरांनी मार्गारेटबाईंना फोन केला आणि खापर बिनशंखाच्या गोगलगाईंवर फोडलं. "स्लग्जनी सगळी रोपं खाल्ली हो." बाई हळहळल्या. "पुअर शशी! तू प्रयत्न केलास, हेच महत्त्वाचं. रविवारी ये, कमिटीबद्दल बोलू." डॉक्टरांना भरून आलं.

रविवारी ते धुतलेले वेलिंग्टन गमबूट घालून नदीवर पोचले. मार्गारेटबाईंनी पहिल्यांदाच त्यांच्या हाती फावडं दिलं. इतक्यात पुलावरून झांजा ऐकू आल्या. नऊवारी नेसलेल्या अकरा बायका आणि प्रत्येकीच्या हातात डोलणारा बाल्सम!

"शैला! विसर्जन दरवर्षी बादलीत करतो ना आपण!"

"अहो, खरी गौर काय बादलीत बुडवायची?" मराठी मंडळातल्या सुमेधाताईच मध्ये बोलल्या. "सगळ्यांनी मिळून नदी ठरवली!"

"नको! पाण्यात नको!" डॉक्टर ओरडत धावले आणि धावता धावता शैलाताईंच्या गौरीवरच आदळले. फट्! फट्! फटाफट! पिकलेल्या शेंगा फुटल्या. बी नदीमंडळाच्या स्वच्छ काठावर उडालं, पाण्यात पडलं, मार्गारेटबाईंच्या टोपीत शिरलं.

बाईंनी टोपी काढून एक बी चिमटीत धरलं. "हे कुठून आलं?"

डॉक्टर तोंड उघडणार, तोच शैलाताई अभिमानानं पुढे झाल्या. "फ्रॉम अवर गार्डन! माय हजबंड ग्रू ऑल! एव्हरी डे टू बकेट्स वॉटर! नॉट वन स्लग!"

मार्गारेटबाईंनी ते बी मुठीत बंद केलं. मग डॉक्टरांच्या हातातलं फावडं हळूच काढून घेतलं. भुलीच्या इंजेक्शनाची इतकी गरज डॉक्टरांना आयुष्यात कधी भासली नव्हती.

मागे अकरा गौरी प्रवाहाला लागल्या होत्या आणि बायका हात जोडून एका सुरात ओरडत होत्या, "पुढच्या वर्षी लवकर या!"

त्या येणार होत्या. थेट थेम्सपर्यंत.