उखातात्यांची बोटं

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. जनावरांचा डॉक्टर म्हणून सुरतेत माझं नाव बरं होतं, ते तसंच राहावं असं वाटे. आता दवाखानाही नाही. तेव्हा सांगतो.

उखातात्या नमस्कार करत नसत. समोरच्याच्या सदऱ्याचं टोक चिमटीत धरत, "ताणा ढिला शे," म्हणत, म्हणजे कापडाचे उभे धागे सैल आहेत, आणि मगच बोलायला लागत. माणूस अमळनेरकडचा, बोली अहिराणी. नव्वदच्या दशकात सुरतेतल्या उधन्याच्या एका लूमखात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात, तयार कापड तपासायचे, डोळे छताकडे लावून, नुसत्या बोटांनी. एका लग्नात त्यांनी नवरदेवाचा कोट चाचपून सांगितलं, "पाठीवर दोन धागे गेलेत, परत करा." तेही अक्षता पडायच्या आधी.

उंदीर सूत कुरतडतात म्हणून खात्यात मांजरी होत्या. कामाची पाळी सुरू होण्याआधी तात्या त्यांचीही पोटं तपासत. "हात ठेवाबिगर बोलू नही," हे त्यांचं ब्रीद.

एकदा ते खात्यातली म्हातारी मांजर टोपलीतून घेऊन आले. तिचं नाव शेठाणी.

"डाक्टरसाहेब, इना पोटमा गाठ शे."

"खाते का?"

"दोघींचं खाते, दिसते अर्धी. वर ओकते."

"जंत असतील."

"जंत हाताला असे लागत नाहीत. आतडं जाड झालंय, सायकलच्या ट्यूबसारखं. मागे तीन गाठी. दोन जुळ्या, एक सरकती."

मी पोट दाबलं. मला काहीच लागलं नाही. "तात्या, ही मांजर आहे, साडीचा ताका नाही."

बाकावरची माणसं हसली. तात्याही हसले, मला वाईट वाटू नये म्हणून.

जंताचं औषध मी तीनदा दिलं. शेठाणी अशक्त झाली तशी तात्यांनी तिला आपल्या खोलीवर नेलं. घरचं माणूस तिथे कोणी नव्हतंच. महिन्याभरात ती गेली.

त्यांना विचारून मी तिचं पोट उघडलं आणि खुर्ची ओढून बसलो. आतडं जाड. मागे तीन गाठी. दोन एकमेकींना चिकटलेल्या, तिसरी बोटाने ढकलली तर सरकली. तुकडा पशुवैद्यकीय कॉलेजात पाठवला. उत्तर आलं: आतड्याचा लिम्फोमा, म्हणजे कर्करोग. सूक्ष्मदर्शकाशिवाय त्याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. पण गाठ आहे हे मानून मी वेळेवर तपास केला असता, तर गोळ्यांवर तिचे काही महिने सुखात गेले असते.

तात्या विचारायला आले तेव्हा तो कागद माझ्या खणात होता.

"म्हातारपण," मी म्हणालो.

"गाठ नव्हती?"

"नव्हती."

ते आपल्या बोटांकडे बघत राहिले.

पुढे कळलं, तात्यांनी आपणहून तपासणी सोडली आणि घड्या घालायला बसले. खात्याच्या मालकाची, शेठची, एकही तक्रार नव्हती. वर्षभराने ते एक पिल्लू घेऊन आले. माझ्या सदऱ्याला हात लावला नाही.

"तुम्हीच देखा, डाक्टरसाहेब. मना हात आता खोटं सांगतो."

मी पिल्लू तपासलं, ठणठणीत आहे म्हणालो आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं. त्यानंतर तात्या गावी गेले, ते परत आले नाहीत. म्हणायचं होतं ते एवढंच: तात्या, तुमचा हात खरा होता. खोटं मी बोललो. मला माफ करा.