ताईच्या रंगाचा नंबर

वरणात हळद कमी पडली तर आमच्या देवमन मामांना ते जिभेवर कळत नाही, कॉम्प्युटरवर कळतं. वाटी समोर ठेवली की आधी मोबाइलने तिचा फोटो काढतात आणि तसेच उठून आपल्या घरी जातात. सिंदी मेघेला आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे. इकडे वरण गार होतं. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून आवाज येतो, "शांते, तिसरा नंबर वाढला वं! हळद कमी पडली आज!"

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. सरकारी कचेरीत कारकून होते. रिटायर झाल्यावर त्यांनी एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतला जुना कॉम्प्युटर घेतला. त्यात आधीपासूनच रंग उचलायचं एक सॉफ्टवेअर होतं. फोटो उघडायचा, बाण कुठेही ठेवायचा, टिचकी मारायची. खाली त्या जागेचा नंबर येतो. लाल किती, हिरवा किती, निळा किती, असे तीन आकडे, शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत. दुसरं बटण दाबलं की तेच आकडे छपाईच्या चार शायांमध्ये बदलून मिळतात. दुसरा कोणी असता तर कॉम्प्युटरवर पत्ते खेळला असता. मामा रंग उचलत बसले.

"डोळ्यावर भरोसा नाई ठेवाचा. नंबर पाह्यचा," हे त्यांचं रोजचं वाक्य.

एका जागी बसणं त्यांना माहीत नाही. खुर्चीवर बसले तरी एक गुडघा सारखा हलत असतो. समोरच्याशी बोलताना उजवं बोट मांडीवर टिचक्या मारत असतं. तेव्हा समजावं की आपल्या साडीच्या काठाचा नंबर काढणं चालू आहे. लग्न त्यांनी केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणत, "मॅचिंग नाई भेटलं."

मॅचिंगवरून आठवलं. माझी एक कांद्याच्या सालीच्या रंगाची साडी होती, तिच्यावर ब्लाउजपीस आणायचं होतं. मी साडी पिशवीत घालून निघाले, तर मामा दारात आडवे. "साडी कायले नेतं? नंबर ने!" त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं, १४२-१०८-११६. मी बाजारात गेले आणि काही न बोलता चिठ्ठी पुढे केली. दुकानदाराने ती पाहिली, खिशातून मोबाइल काढला आणि बटणं दाबली. मग म्हणाला, "बाई, एक आकडा कमी आहे. कोनाले लावाचा फोन?" मी चिठ्ठी परत घेतली. तशीच परत आले.

मामा चिडले नाहीत. पुन्हा साडीचा फोटो काढला आणि दहा ठिकाणी टिचक्या मारल्या. दहा वेगळे नंबर आले. घाबऱ्या आवाजात म्हणाले, "शांते, तुही साडी एका रंगाची नाईच वं. मंग तो दुकानदार तरी काय करन?"

असे आमचे मामा. मागच्या उन्हाळ्यात माझ्या लेकीचं, पल्लवीचं लग्न ठरलं आणि त्यांची चुळबुळ फारच वाढली.

आमच्याकडे मांडवाच्या दाराशी फ्लेक्स लावतात. खाली नवरा-नवरी, वर घरातली गेलेली माणसं. माझ्या आईचा फोटो एकच आहे. ब्लॅक-अँड-व्हाइट, मला कडेवर घेतलेला. मी चौथीत असताना ती गेली आणि माझी शाळाही तिथेच संपली. फ्लेक्सवाल्याने तो फोटो कॉम्प्युटरवर रंगीत केला. आम्ही तिघं पाहायला गेलो तर पडद्यावर एक गोरीपान बाई हसत होती आणि तिच्या कडेवर गोरीपान पोर. लहानपणी मी गोरी होते, हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं.

"किती छान दिसून राह्यली आजी!" पल्लवी म्हणाली.

मामा उठले, बसले, परत उठले. "हे कोन बाई होय?"

"तुमची ताई नं, काका," फ्लेक्सवाल्याने सांगितलं.

"हा दह्याचा रंग होय. माह्या ताईचा नाई."

"काका, सगळे गोरंच करून मांगते," तो म्हणाला. "आजवर कोनी तक्रार नाई केली."

"मी देतो नंबर. त्या नंबरवर छाप."

"द्या नं. पन परवा संध्याकाळच्या आत द्या. नाई तं हेच छापतो."

आता मामा भराभर तीन आकडे सांगतील, असं मला वाटलं. पण ते चपला घालून बाहेर पडले. रस्ताभर बोट तेवढं मांडीवर वाजत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सेलूकडच्या आमच्या जुन्या गावी गेले. आईला पाहिलेली जी दोनचार म्हातारी माणसं उरली आहेत त्यांना विचारत फिरले. एक म्हणाला, नांगरलेल्या वावरासारखी होती. एक म्हातारी म्हणाली, पिकल्या चिचेसारखी. आणखी एकीने उलटं त्यांनाच झापलं, "बहीन तुही आन रंग मले इचारतं का रे?" मामा संध्याकाळी परतले ते प्लास्टिकच्या पिशवीत वावरातली माती आणि चिंच घेऊन. मातीचा फोटो काढला. मग अडले, तो म्हातारा ओलं वावर म्हणाला की कोरडं? माझ्या अंगणात तिच्यावर पाणी शिंपडून परत फोटो काढला. मग माझ्या स्वयंपाकघरातून गूळ गेला, भाजलेले शेंगदाणे गेले, खोबऱ्याची वाटी उलटी होऊन गेली.

"आजोबा," पल्लवी म्हणाली, "आजीचा रंग पाहून राह्यले का किराना भरून राह्यले?"

एरवी ते हसले असते.

मी म्हटलं, "मामा, तुमी तं लहानपनापासून तिच्या हातचं जेवले. तुमाले तं माहीत असन."

ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "चेहरा आठोते. आवाज आठोते. रंग गेला, शांते. आठवाले बसलो का त्या फोटोतला करडाच येते. माय-बाप गेले तवा मी एवढासा. तिनं दुसऱ्याच्या वावरात निंदाले जाऊन मले शिकवलं. आन मी साऱ्या सिंदीचे नंबर काढले, तिचा एक नाई सांगता येत मले."

रात्रभर त्यांच्या खुर्चीची करकर भिंतीतून ऐकू येत होती.

परवाचा दिवस उजाडला. दुपार कलली तेव्हा मी चहा घेऊन गेले. खिडकीतून तिरपं ऊन टेबलावर आलं होतं. टेबलावर माती, गूळ, चिंच. मी कप ठेवला आणि मामा ओरडले, "हात नको हालवू!"

मी घाबरून हात पदराखाली घेतला. मी फोटो काढू देत नाही. कोणाच्याही लग्नात फोटोवाला आला की मी दुसऱ्या कोणाच्या मागे जाते.

"मले राहू द्या, मामा. मी अशी काळी."

"कोन म्हनते?" त्यांनी कॉम्प्युटरवर काहीतरी दाबलं आणि सगळा पडदा काळाभोर केला. "हे पाह्य काळं. वाच नंबर."

"शून्य. शून्य. शून्य."

"म्हंजे त्यात काईच नसते. तुह्यात पाह्य किती भरलं आहे ते. आन तो हात इकडे."

मी उन्हात हात ठेवला. त्यांनी फोटो काढला, कॉम्प्युटरवर घेतला, बाण मनगटाच्या वर आणला आणि टिचकी मारली. एकच. दहा ठिकाणी टिचक्या मारणारा माणूस, एकदाच मारून थांबला. गुडघाही हलायचा थांबला होता. किती वेळ ते पडद्याकडे पाहत राहिले. मग पडदा सोडून माझ्या हाताकडे.

"काय नंबर आला, मामा?"

"राहू दे," ते हळूच म्हणाले. "हा ओरडून सांगाचा नाई."

तो नंबर मामांनी संध्याकाळच्या आत फ्लेक्सवाल्याला नेऊन दिला आणि फ्लेक्स छापून झाला. मांडवाच्या दाराशी आई मला कडेवर घेऊन उभी राहिली. लोक येत होते, जेवून जात होते, कोणाला काही वेगळं वाटलं नाही. दोघीतिघी एवढंच म्हणाल्या, "शांता अगदी मायवर गेली." मामा आत मठ्ठ्याचे फोटो काढत होते.

पल्लवी सासरी गेली. घर मोठं वाटायला लागलं. एका दुपारी उन्हं उतरल्यावर भिंतीपलीकडून हाक आली, "शांते, येजो वं जरा. नंबर तपासाचा आहे." मी गेले. दुसऱ्या दिवशी परत हाक आली.

आता रोजच येते. मी चहा घेऊन जाते, खिडकीजवळ बसते आणि टेबलावर हात ठेवते. ते आपला हात त्यावर ठेवतात. चहा संपेपर्यंत आम्ही तसेच बसून असतो. कॉम्प्युटर ते लावतच नाहीत.