गिटारच्या पट्ट्याची तात्पुरती व्यवस्था

कोणतीही वस्तू दोनदा मोडते: एकदा आपणहून आणि एकदा दुरुस्त होताना. पहिली मोडतोड नशिबाने होते. दुसरीला मात्र अक्कल, चिकाटी आणि रिकामा रविवार लागतो. बाबांकडे तिन्ही गोष्टी मुबलक होत्या.

बाबा आवक-जावक विभागात वरिष्ठ कारकून. घरातलं दुरुस्ती खातंही त्यांच्याकडेच होतं आणि ते त्यांना कोणी दिलेलं नव्हतं. त्यांच्या आकडेवारीनुसार (ती फक्त त्यांनाच उपलब्ध असे) घरातल्या नव्वद टक्के वस्तू दुरुस्त होण्याजोग्या असतात. उरलेल्या दहा टक्के त्यांनी आधीच दुरुस्त केलेल्या असतात, त्यामुळे त्यांचं आता काही करता येत नाही.

तर लेकीच्या गिटारची घुंडी निखळली. गिटार गळ्यात अडकवायच्या पट्ट्याचं टोक ज्या इवल्याशा घुंडीवर बसतं, ती. तिच्या स्क्रूचं भोक सैल झालं होतं. त्याच संध्याकाळी लेक आयुष्यात पहिल्यांदा सभागृहात, लोकांसमोर, उभी राहून वाजवणार होती. पट्टा सुटला तर गिटार पायावर आणि इज्जत जमिनीवर.

"कोपऱ्यावरच्या वाद्यवाल्याकडे नेते," लेक म्हणाली.

"परक्याकडे?" बाबा उठून उभेच राहिले. पोरगी हल्ली सायकलचं पंक्चर दुकानातून काढून आणायची, शंका मोबाइलला विचारायची. बापाच्या अखत्यारीत एवढी एक घुंडी उरली होती. "आण इकडे. तात्पुरतं करून देतो."

येथे एक खुलासा आवश्यक आहे. या घरात 'तात्पुरतं' हा शब्द मुदत सांगत नाही, दर्जा सांगतो. न्हाणीघराची कडी तात्पुरती बसवली तेव्हा लेक रांगत होती. आई अजूनही मोठ्याने गाणं म्हणत अंघोळ करते, आत कोणी आहे हे कळावं म्हणून.

बाबांनी काडेपेटीतल्या काड्या गमात बुडवून भोकात कोंबल्या, गम वाळू दिला आणि घुंडी पिळली. बसली! अगदी गच्च बसली. काम इथेच संपलं होतं आणि नेमकी तीच अडचण झाली. इतक्या लवकर संपलेल्या कामावर बाबांचा सरकारी विश्वास नव्हता. म्हणून पट्टा घसरू नये यासाठी सरबताच्या बाटलीच्या झाकणातलं रबर आलं. रबर सरकू नये म्हणून वॉशर आला. वॉशर फिरू नये म्हणून नटबोल्ट आला (तो शिलाई मशीनचा होता, ही बाब आईच्या निदर्शनास आणण्यात आली नाही). आणि नटबोल्ट ढिला होऊ नये म्हणून दोन ट्यूबा कालवून करायचा, लोखंडाला लोखंड चिकटवणारा गम.

माप अंगावरच घ्यावं लागतं, या तत्त्वानुसार लेकीला मधोमध उभं केलं, पट्टा तिच्या खांद्यावरून घेऊन छातीशी आवळला आणि दोन्ही टोकं कायमची, म्हणजे तात्पुरती, चिकटवण्यात आली.

"अहो, पण तिने गिटार काढायची कशी?" आईने विचारलं.

"पडणार नाही, ते बघ ना!" बाबांनी गिटार खसकन ओढून दाखवली. गिटार हलली नाही. लेक हलली.

टॅक्सीत आधी गिटारचा दांडा शिरला, मग लेक शिरली. दांडा खिडकीबाहेर ठेवावा लागला आणि वळताना तो हाताचा इशारा समजून मागचे वाहनचालक थांबत होते.

कार्यक्रम मात्र झकास झाला. लेक अशी काही वाजवत सुटली, की बाबा पहिल्याच गाण्याला रडू लागले. टाळ्या पडल्या. लेकीने वाकून नमस्कार केला, गिटार काढायला गेली आणि तिथेच अडली. खांदा बाहेर येईना, डोकं आत जाईना. ती जागेवर गिरक्या घेऊ लागली. पोरगी रंगमंच सोडायला तयार नाही, असा लोकांचा समज झाला आणि सभागृहातून एकच आरोळी उठली, "वन्स मोर!" लेकीने पुन्हा वाजवलं. पुन्हा गिरक्या, पुन्हा वन्स मोर. पुढचा बासरीवाला विंगेत बासरी पुसून पुसून थकला.

"सुटला नाही! बघितलंत? सुटला नाही!" बाबा शेजारच्या अनोळखी गृहस्थाला मिठी मारून सांगत होते.

शेवटी पडदा पाडून वाद्यवाल्याला बोलावलं. तो आला. त्याच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. त्याने घुंडी सगळ्या बाजूंनी न्याहाळली.

"कोणी केलं हे?"

"बाबांनी," लेक म्हणाली.

"जग बुडेल, पण हे निघणार नाही," तो आदराने म्हणाला. "पट्टाच कापावा लागेल."

कात्री आधी खांद्यावर आणि मग दोन्ही टोकांपाशी चालली तेव्हा बाबांनी तोंड फिरवलं. उद्यापासून सगळं वाद्यवाल्याकडे जाणार, हे त्यांना कळून चुकलं होतं. लेकीने खांदा चोळला आणि पट्ट्याचे दोन तुकडे त्यांच्या हातात ठेवले.

"पुढच्या कार्यक्रमाला लागेल. जोडून ठेवाल ना?"

बाबांनी तुकडे लगेच खिशात घातले, तिचा विचार बदलायच्या आत.

सुज्ञ वाचकांनी यावर खुशाल हसावं. मात्र ज्या खुर्चीचा पाय आपण स्वतः घरी बसवला आहे, तिच्यात बसून हसताना मागे रेलू नये.