पहिल्या टेबलाची बदली

बाजारपेठेतल्या दवाखान्यासमोर करंजाचं झाड आहे. त्याच्या एका पानात चार टेबलांची कचेरी आहे आणि पहिल्या टेबलावर शालन केळुसकर बसतात.

काम सोपं, पण जीव काढणारं. ऊन आलं की पाणी फोडायचं, त्यातले इलेक्ट्रॉन पुढे सरकवायचे. दोन जमल्याशिवाय ते दुसऱ्या टेबलावर नेणारा शिपाई जागचा हलत नाही. दुसरं टेबल म्हणजे कुंभकर्ण, सगळं तिथेच तुंबतं. तिसऱ्यावर इलेक्ट्रॉनना पुन्हा उन्हाचा धक्का मिळतो आणि चौथ्यावर ते जमा होतात. झाडाची साखर होते ती त्यांच्याच जोरावर. चार इलेक्ट्रॉन निघाले की पहिल्या टेबलावर प्राणवायू उरतो. कचेरीच्या लेखी तो कचरा, खिडकीतून बाहेर टाकायचा.

उन्हाने पहिल्या टेबलाचा माणूस झिजतो, म्हणून दर अर्ध्या तासाला बदली द्यावी असा नियम आहे. शालनताईंची बदली अकरा दिवस आली नव्हती. त्यांची बोटं आरपार दिसू लागली होती. घरी जाऊन आडवं व्हावं, एवढीच इच्छा उरली होती.

बाराव्या दिवशी भर दुपारी वैजयंती गोडांबे डबा घेऊन हजर झाल्या.

"उठा हो ताई. आले एकदाची."

शालनताई उठल्याही. तेवढ्यात खालून खोकल्याची उबळ ऐकू आली. त्यांचे तात्या, दम्याचा माणूस. दवाखाना चारला उघडतो, तोवर ते नेमके या पानाखाली बसून असतात.

"साहेब, ताबा द्यायला किती वेळ लागेल?"

"अर्धा तास. तोवर खिडकी बंद," कचेरीचे प्रमुख भाटवडेकर साहेब मान वर न करता म्हणाले.

"खाली माझे वडील श्वास घेतायत."

"मग बदली नाकारल्याचं लिहून द्या. पुढची कधी येईल सांगता येत नाही. आणि बाई, तुमचंही आता फार उरलेलं नाही."

"दिसतंय मला."

शालनताईंना रडू आलं, रागही आला. त्यांनी लिहून दिलं.

"निदान जेवून घ्या," म्हणत वैजयंतीबाईंनी डबा टेबलावर ठेवला आणि त्या शेजारच्या पानात गेल्या.

खाली तात्यांची उबळ थांबली. ते रिक्षावाल्याला सांगत होते, "इथं बसलं की बरं वाटतं बघ. आमची शालू मात्र अकरा दिवस फिरकली नाही. काम असतं म्हणे. झाडात बसून कसलं आलंय काम?"

शालनताईंनी खिडकी आणखी थोडी लोटली आणि पुढचं पाणी फोडायला घेतलं.