जलालचाचांचं पाणी

दुधात पाणी घालणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. पण रांगेतल्या सगळ्यांदेखत, माझ्याच माठातलं पाणी माझ्याच ग्लासानं घालणारे एकटे आमचे जलालचाचा.

बेंबळीजवळच्या आमच्या गावात मी दूध डेअरी चालवतो. आता सगळा कारभार मशीनचा. नळी दुधात बुडवली की फॅट किती, पाणी किती, सगळं पडद्यावर येतं आणि खात्याला जोडलेल्या मोबाइलवर आपोआप मेसेज जातो. लपवाछपवीला जागाच नाही. चाचांना तर लपवायचंच नसतं. एरवी त्यांच्या म्हशीची फॅट बघून रांगेतले जळतात. पण मधूनच एखाद्या सकाळी किटलीतलं अर्धा तांब्या दूध बाजूला काढायचं, त्यात ग्लासभर पाणी ओतायचं आणि मला फर्मान सोडायचं, "हं, लाव बाईला." मशीनला ते बाई म्हणतात.

"चाचा, हे दूध म्या घेणार न्हाय."

"घेऊ नको की. फकस्त तपास."

पडद्यावर पाण्याचा आकडा उमटला की स्वारी खूश. तांब्या उचलायचा, समोरच्या बाकावर बसायचं आणि खिशातला डबडा फोन मांडीवर ठेवून दाढी कुरवाळायची. गावानं तर्क लढवले. कुणी म्हणालं, चाचांचं डोकं फिरलंय. कुणी म्हणालं, चाचा मशीनची परीक्षा घेतात. हे दुसरं मला फार झोंबायचं. माझ्या मशीनवर संशय म्हणजे माझ्यावरच की हो!

एकदा नेटवर्क गेलं आणि मेसेज अडकले. चाचा बाकावरून हलेनात. सारखं आपलं, "गेला का रं मेसेज?" शेवटी मी भडकलो. म्हटलं, फोन तुमच्या मांडीवर आहे, आला तर वाजेल, मला काय विचारता?

चाचा खाली बघत म्हणाले, "मला कुठं येतो? शबानाला जातो."

शबाना ही त्यांची एकुलती लेक. म्हैस तिनंच लहानाची मोठी केलेली, डेअरीतलं खातं तिनंच उघडलेलं, नंबरही तिचाच. लग्न होऊन ती परंड्याला गेली, चाची त्याआधीच वारल्या होत्या. लेकीच्या सासरी बापानं उठसूट फोन करणं चाचांना बरं वाटत नाही, आणि ती बिचारी सासूच्या दुखण्यात गुरफटलेली.

"दूध चांगलं असलं की ती निवांत. फोन न्हाय. पाणी निघालं की लगीच फोन करती. लई बोलती मला," चाचा म्हणाले आणि चक्क लाजले. माझा राग कुठल्या कुठं गेला. त्या दिवसापासून तो ग्लास मीच विसळून माठाशेजारी ठेवू लागलो.

मागच्या महिन्यात चाचा तापानं पडले. धार शेजारचे लोक काढायचे, किटली आणायला मी जायचो. चाचा पांघरुणात, फोन उशाशी. शबानाला कळवतो म्हटलं, तर हात धरून कसम घातली. तिच्यामागं आधीच सासूचं दुखणं, वर आपलं कशाला, म्हणाले. कसम मोडवेना आणि त्यांचं त्या फोनकडं बघणं बघवेना.

डेअरीवर आलो, अर्धा तांब्या दूध काढलं आणि मनाचा हिय्या करून त्यात अंदाजानंच पाणी ओतलं. रांग आ वासून बघत राहिली. जन्मभर दुसऱ्यांचं पाणी पकडलेला माणूस मी! चाचांच्या खात्यावर नोंद करून मशीनला लावलं.

फोन आला. पण चाचांना नव्हे, मला.

"दादा, अब्बाला काय झालंय?" शबाना विचारत होती.

मी म्हटलं, कुठं काय, जरा पाणी निघालंय इतकंच.

"अब्बा एका ग्लासाच्या वर कधी घालत न्हायत. त्यांच्यानं घालवतच न्हाय. हे त्यांच्या हातचं न्हाय, दादा."

म्हणजे पोरीला सगळं ठाऊक होतं, आणि तरी ती दर वेळी मन लावून भांडत होती.

संध्याकाळच्या एसटीनं शबाना आली. बापाच्या कपाळावर हात ठेवला आणि दुधात पाणी घालता, लाज न्हाय वाटत का, म्हणून तिनं सुरुवात केली. बोलता बोलता रडायला लागली, तशी गप्प झाली.

चाचांनी डोळे मिटले होते. म्हणाले, "थांबू नको. बोल, आजून बोल."